आजारी झांज

चिन्मय आणि सई,

परवा फोनवर चिन्मयने विचारलं, "आजी, मी इलेक्ट्रॉनिक ड्रम घेतलेत. त्यांच्यासाठी सॉफ्टवेअर कुठलं घेऊ, तुला विचारू का?" आणि मागून सई खो खो हसली. हसण्यासारखं त्यात काहीही नव्हतं. ड्रमच्या सॉफ्टवेअरवर अधिकाराने बोलू शकेल अशी सत्तरी ओलांडलेली बाई अख्ख्या भिलाईत मी एकटीच असेन, आणि हा अधिकार मी हौसेने मिळवलेला नाही. तो माझ्यावर लादण्यात आला. लादणारे गृहस्थ म्हणजे आपल्या समोरच्या घरातले भाऊजी. तुम्ही सुट्टीत यायचात तेव्हा आपण आणलेलं टरबूज टकटक करून "परत करा, कच्चं हाय" असं सांगणारे, तेच. दिवाळीनंतर ते आणि कुसुमताई नागपूरला मुलीकडे राहायला गेले. म्हणून आता लिहिते आहे. चिन्मयला उत्तर हवं आहे हे एक कारण, आणि ते समोर असताना लिहिलं असतं तर त्यांनी वाचायला मागितलं असतं आणि वर चुका काढल्या असत्या, हे दुसरं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकते. इतका त्रासदायक शेजारी साऱ्या छत्तीसगड राज्यात दुसरा नसेल. मी माणसांबद्दल घाईने मत बनवत नाही. हे मत बनवायला मी भरपूर वर्षं घेतली आहेत.

भाऊजी मूळचे गोंदियाकडचे, आणि नोकरी सगळी चरोद्याच्या रेल्वे यार्डात. यार्डात मालगाडी येऊन थांबली की हे हातोडा घेऊन तिच्या कडेने चालत निघायचे आणि चाकाचाकावर ठोका मारून आवाज ऐकायचे. खणखणीत आवाज आला की पुढचं चाक. बद्द आला की चाकात तडा आहे असं समजायचं आणि डब्यावर खडूने मोठ्या अक्षरांत ‘सिक’, म्हणजे आजारी, असं लिहायचं. तो डबा मग गाडीतून कापून सिक लाइनला नेतात, तिथे त्याची दुरुस्ती होते, आणि पुन्हा तपासून त्यावर ‘फिट’ लिहिलं की तो परत गाडीला लागतो. काम जबाबदारीचं, त्याबद्दल मला आदरच आहे. पण रेल्वेने माणूस निवृत्त केला आणि त्याचा हात निवृत्त करायला विसरली, याचा ताप कोणी सोसायचा? आम्ही. आमच्याकडे चहाला आले की आधी चमच्याने कप वाजवून बघायचे. माझ्या चांगल्या सेटमधला एक कप, व्याह्यांची मंडळी समोर बसलेली असताना, त्यांनी वाजवला, डोकं हलवलं, खिशातून खडू काढला आणि कपावर ‘सिक’ लिहून बाजूला ठेवला. आमच्याकडे सत्यनारायण होता तेव्हा गुरुजींचा मंत्र चालू असताना कलशावरचा नारळ उचलून बोटाने ठोकला आणि म्हणाले, "वैनी, थांबवा. हा आतून सडेल हाय." गुरुजी थांबले! माझ्या घरात, माझ्या पूजेत! नारळ सडका निघाला हा मुद्दा वेगळा. त्या कपातूनही पुढे चहा झिरपू लागला, तोही वेगळा. बरोबर असणं हे काही वाईट वागण्याचं निमित्त होऊ शकत नाही. मी वर्गात मुलांना हेच सांगत आले.

आता ड्रमकडे येते. चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत सणासुदीला ऑर्केस्ट्रा व्हायचा आणि त्यात भाऊजी ड्रम वाजवायचे. निवृत्त होऊन इथे घर बांधल्यावर त्यांनी कुठूनसा एक खरा ड्रमसेट आणला. तो एकच आठवडा टिकला, कारण मी समोर जाऊन स्पष्ट शब्दांत सांगितलं की या कॉलनीत एक तर तो ड्रम राहील किंवा मी. कुसुमताई दारात उभ्या होत्या, त्या हळूच म्हणाल्या, "मॅडम, तुमीच राहा." आज पुन्हा प्रसंग आला तरी मी हेच बोलेन. मग इलेक्ट्रॉनिक ड्रम आले. दुकानदाराने म्हणे सांगितलं की याचा आवाज फक्त हेडफोनमध्ये, शेजाऱ्यांना पत्ताही लागणार नाही. त्या दुकानदाराने रबरावर काठी आपटल्याचा आवाज दोन भिंती आणि एक रस्ता ओलांडून ऐकलेला नसावा. थप थप, थप्प. थप थप, थप्प. माझं वाचन, माझी दुपार, माझं शब्दकोडं, सगळं त्या तालावर चालू लागलं.

आणि एवढ्यावर भागलं नाही. ड्रमसोबत आवाज काढणारी एक छोटी पेटी येते, तिच्यातले आवाज भाऊजींना पसंत पडेनात. त्यांना कळलं की ड्रम तारेने लॅपटॉपला जोडता येतो, आणि लॅपटॉपमध्ये असं सॉफ्टवेअर टाकता येतं की ज्यात खऱ्या ड्रमचा एकेक ठोका स्टुडिओत ध्वनिमुद्रित करून भरलेला असतो. आपण रबरावर मारायचं, आणि आत तो खरा ठोका वाजतो. हे ठोके म्हणजे सॅम्पल. माहिती सगळी इंग्रजीत. तेव्हा भाऊजी लॅपटॉप काखेत मारून रस्ता ओलांडून आले आणि म्हणाले, "वैनी, तुमी जनमभर इंग्रजी शिकवली. आता जरा कामाची इंग्रजी वाचून दाखवा." कामाची! मी ज्या भाषेतलं नाटक आणि काव्य मुलांच्या गळी उतरवलं, ती बिनकामाची होती का? हे मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "तसं नाही, पण त्यात ड्रम नव्हते ना."

तर चिन्मय, लक्ष देऊन वाच, हे मी स्वतः भोगून शिकले आहे. पहिली गोष्ट, फुकट चाचणीसाठी देतात ती आवृत्ती आधी घे. भाऊजींनी सगळ्या घेतल्या. एकेक उतरवून घ्यायला अर्धा दिवस लागायचा आणि तेवढा वेळ आमच्या ओळीत कोणाचंही इंटरनेट चालायचं नाही, त्यामुळे तुमचे चेहरे मला व्हिडिओवर तुकड्यातुकड्यांनी दिसायचे ते याच पुण्यात्म्यामुळे. दुसरी गोष्ट, लॅपटॉपमध्ये जागा किती आहे ते बघ. ती सॉफ्टवेअरं अजगरासारखी पसरतात. भाऊजींनी जागा करण्यासाठी नातीच्या बारशाचे फोटो पुसले, आणि मग ते फोटो माझ्याकडे आहेत का म्हणून मलाच विचारायला आले. तिसरी, एकाच ड्रमचे हलक्या हाताचे, मध्यम हाताचे आणि जोराच्या हाताचे असे वेगवेगळे ठोके भरलेले असावेत, आणि एकाच जोराचेही चारपाच असावेत म्हणजे ते आळीपाळीने वाजतात. नाहीतर शिलाई मशीन चालल्यासारखं होतं. हे वाचून दाखवल्यावर भाऊजी पहिल्यांदाच खूश झाले. "बरोबर हाय. मानूस दोनदा सारखा ठोकतच नाही. लिहिनारा समजदार हाय." त्याआधी ते लाकडावर अडले होते. हा ड्रम मॅपलचा, तो बर्चचा, असं मी वाचत होते. त्यांनी विचारलं, "सागाचा?" मी म्हटलं, सागाचा नाही. "कावून नाही? आमच्याकडं जंगलच्या जंगल सागाचं!" आणि जणू सागाचा ड्रम मीच वगळला असावा अशा नजरेने माझ्याकडे बघत राहिले.

शेवटी एक निवडलं. ते बसवल्यावर प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येऊ लागला. भाऊजी म्हणाले, "गाडीले दोन इंजिनं लागून राहिले." आणि खरंच तसंच होतं. ड्रमच्या पेटीचा स्वतःचा आवाज आणि लॅपटॉपचा, दोन्ही चालू होते. पेटीचा बंद करायचा, हे पानापानांतून शोधून मी सांगितलं. मग कळलं की काठी आपटल्यावर आवाज जरा उशिरा येतो. यावर भाऊजींनी मला मालगाडी समजावली. इंजिन हललं तरी शेवटच्या डब्याला ते मागाहून कळतं, मधल्या साखळ्या एकेक करून ताणाव्या लागतात. मी म्हटलं, साखळ्या राहू द्या, इथे बफर नावाचा आकडा आहे, तो कमी करा. "बफर? बफर तर डब्याले असते!" म्हणाले आणि असे आनंदले की कुसुमताईंना हाक मारून सांगितलं, आपल्याच लाइनीचं काम हाय हे. तर तो आकडा कमी ठेव, पण इतकाही नको की आवाज तडकायला लागेल.

यानंतर झांजेचं प्रकरण सुरू झालं. झांज म्हणजे तुमची ती वरची पितळी थाळी, सिंबल. भाऊजींचं म्हणणं, बाकी सगळं ठीक, पण सॉफ्टवेअरमधली झांज बद्द वाजते. पहिली बद्द, म्हणून दुसरं सॉफ्टवेअर. त्यातलीही बद्द. तिसऱ्यातली मुकीच. "तिकडे विलायतेत थंडी असते, वैनी. धातू आखडत असन." शेवटी एके दुपारी म्हणाले, "लिहा त्या कंपनीले." आणि येरझाऱ्या घालत मजकूर सांगू लागले. "तुमची झांज आजारी हाय. अशी झांज मी गाडीले लावू देल्ली नसती." मी त्याचं शुद्ध, सौम्य इंग्रजी करून पाठवलं. कंपनीचं उत्तर फार सभ्य होतं. सोबत त्या आवाजाच्या लहरींचं चित्र होतं, आणि विनंती होती की आपण कृपया आपले हेडफोन तपासून पाहावेत.

"माये हेडफोन?" भाऊजी कडाडले. "घ्या, तुमीच ऐका." आणि हेडफोन माझ्या हातात दिला. मी तो कानाला लावला, त्यांनी झांजेच्या रबरावर काठी मारली, आणि मी हेडफोन जवळजवळ फेकून दिला. डोक्यात देवळाची घंटा बांधल्यासारखं झालं. आवाजाचं बटण शेवटापर्यंत फिरवलेलं होतं. झांज लख्ख होती, इतकी की तिची शेपटी कितीतरी वेळ कानात थरथरत होती. आणि भाऊजी समोर काठी धरून उभे होते, माझ्या तोंडाकडे बघत. "कसा बद्द हाय ना?"

आदल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या कोऱ्या कुकरवर ‘सिक’ लिहिलं होतं आणि मी संतापून दोन दिवस बोलले नव्हते. त्याआधी नव्या माठावर. त्याआधी कुसुमताईंच्या पितळी समईवर. हे सगळं तेव्हा एकदम माझ्यासमोर रांगेत उभं राहिलं. वस्तू चुकत नव्हत्या. ज्या कानांवर चरोद्याचं यार्ड इतकी वर्षं चाललं, त्या कानांतून वरचा सूर निघून गेला होता.

मी खोटं बोलत नाही. म्हणाले, "भाऊजी, झांज ठणठणीत आहे. तुम्ही कान दाखवून घ्या."

त्यांनी हेडफोन माझ्या हातातून काढून घेतला, तार नीट गुंडाळली आणि म्हणाले, "पुस्तकं वाचनाऱ्यायचे कान पुस्तकातच राहतात. जा तुमी." मला! ज्या बाईने त्यांच्यासाठी तीनतीन पुस्तिका पाठ केल्या तिला, जा! मी उठले. दारापर्यंत कुसुमताई आल्या. त्यांच्या घरात भांडी आदळण्याचा फार आवाज असतो आणि जेवायला बोलावताना त्या पळीने ताट बडवतात, याबद्दल मी मनातल्या मनात त्यांना वर्षानुवर्षं गुण कमी देत आले होते. त्या म्हणाल्या, "मले मालूम हाय, मॅडम. म्हनून तर ताट वाजवतो. पन त्यायले कोन सांगन? कान गेला म्हन्लं तर ते स्वतःच जातीन."

गणपती जवळ आले. आपल्या मराठी मंडळात एक दिवस खंजिरीच्या भजनाचा असतो, आणि त्या वर्षी भाऊजींनी जाहीर केलं होतं की खंजिरीच्या जोडीला ते इलेक्ट्रॉनिक ड्रम वाजवतील, आवाज मोठ्या स्पीकरवर. सगळी मांडणी त्यांनी माझ्याशिवाय एकट्याने केली. झांज ऐकू येत नाही, म्हणून सॉफ्टवेअरमधलं झांजेचं बटण त्यांनी वर सरकवत सरकवत टोकाला नेऊन ठेवलं होतं. भजन छान रंगलं. खंजिरी घुमत होती, ड्रमही, खरं सांगायचं तर, शोभत होता. मग कडवं संपताना भाऊजींनी डोळे मिटले आणि झांजेवर काठी घातली.

मंडपातल्या लहान मुलांनी एकाच वेळी सूर लावला. प्रसादाची परात घेऊन उभी असलेली बाई परातीसकट खाली बसली. खंजिरी थांबली. भाऊजींना वाटलं लोक रंगले आहेत, म्हणून त्यांनी आणखी दोनदा मारली. मागून तरुण पोरं ओरडली, "अंकल, बंद करो! कान फट गए!" आणि मंडळाचे सेक्रेटरी स्टेजवर चढून, माइक चालू आहे हे विसरून म्हणाले, "काका, तुमाले ऐकू नाही येऊन राहिलं का?"

हे त्यांना ऐकू आलं. सगळ्यांनाच आलं. त्यांनी काठ्या खाली ठेवल्या आणि उठून घरी गेले. मला त्या पोरांचा राग आला, सेक्रेटरीचा आला, त्या माइकचा आला, आणि सगळ्यात जास्त भाऊजींचा आला. वेळेवर सांगितलेलं ऐकणारी माणसं या जगात का नसतात?

दुसऱ्या दिवशी सकाळी फुलं काढायला बाहेर आले तर समोरच्या फाटकावर, त्यांच्या स्वतःच्या फाटकावर, खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘सिक’.

मी परडी तिथेच ठेवली आणि रस्ता ओलांडला. कुसुमताई ओट्याला टेकून उभ्या होत्या. "रात्रीपासून जेवले नाही. ताट वाजवलं तरी उठत नाही." भाऊजी आतल्या खोलीत ड्रमकडे पाठ करून बसले होते. मी शिकवताना जो आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचवत असे तो काढला.

"यार्डात काय करत होतात? सिक लिहून डबा रुळावर तसाच सोडून देत होतात?"

"वैनी, चाक बदलता येते. कान बदलते काय?"

"कानाला यंत्र बसतं."

"यंत्रातून ऐकू? मी? माया ठोका मी यंत्रातून ऐकू?"

तेव्हा मात्र माझा तोल गेला. "आणि इतके दिवस काय करून राहिलात? काठी रबरावर, तार लॅपटॉपमध्ये, ठोका कुठल्या परदेशातल्या माणसाचा, आवाज हेडफोनमधून! तेव्हा यंत्र चाललं? माझं इंटरनेट घालवून खोटा ड्रम खऱ्यासारखा ऐकायची तुमची हौस, आणि खरी बायको खरोखर हाका मारते ती ऐकायला यंत्र नको?"

ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "वैनी, तुमी आमच्यासारखं ‘करून राहिलात’ म्हन्लं." मी म्हटलं, संतापात माणूस काहीही बोलतो, उठा. ते उठले. दुर्गला कानाच्या डॉक्टरांकडे आम्ही तिघे गेलो. आणि माझ्या माहितीप्रमाणे डॉक्टरांच्या टेबलावरचा काचेचा ग्लास निघताना वाजवून पाहणारा पेशंट त्यांच्याकडे त्याआधी आला नसावा.

यंत्र लावल्यावर पहिले काही दिवस ते प्रत्येक आवाजाला दचकायचे. कुकरची शिटी झाली की बाहेर यायचे. कुसुमताईंनी सवयीने ताट बडवलं तेव्हा हात जोडून म्हणाले, "अवो, हळू. मी इथंच हाय." मग एका दुपारी लॅपटॉप उघडून त्यांनी झांजेवर एक हलका ठोका मारला आणि तो पूर्ण विरेपर्यंत काठी तशीच हवेत धरली. संध्याकाळी माझ्याकडे आले. "लिहा त्या कंपनीले. झांज फिट हाय. तपासनाऱ्याची चूक." मी लिहिलं. या वेळी सौम्य करावं लागलं नाही. त्यानंतर खडू घेऊन माझ्या स्वयंपाकघरात शिरले आणि पूर्वी आजारी ठरवलेली एकेक वस्तू पुन्हा वाजवून तिच्यावर ‘फिट’ लिहीत सुटले. कुकर, माठ, पोहे ठेवायचा डबा. मी मागून फडकं घेऊन पुसत होते आणि बोलत होते. पुढच्या गणपतीत त्यांनी खंजिरीबरोबर वाजवलं, झांज अगदी हलकी, कडव्याच्या शेवटी एकदाच. थप थप मात्र तशीच चालू राहिली, आणि माझी तक्रारही.

आता समोर भाडेकरू आहेत. दोघेही कामाला जातात, दिवसभर घर बंद. शब्दकोडं आता लवकर सुटतं, आणि सुटल्यावर करायला काही उरत नाही. इतकी शांतता बेशिस्तीचीच एक तऱ्हा आहे असं माझं मत बनत चाललं आहे. ड्रम टेम्पोतून नागपूरला गेले. भाऊजींनी जुना लॅपटॉप माझ्याकडे ठेवला, सॉफ्टवेअरसकट. मुलीने नवीन घेऊन दिला म्हणाले, आणि "पोट्टे येतीन तेव्हा लागन." चिन्मय, त्यातली झांज जिथे ठेवली आहे तिथेच ठेव, हलवू नकोस. आणि हेडफोनचं बटण अर्ध्याच्या वर कधीही नेऊ नकोस. हे मी सल्ला म्हणून लिहीत नाही.

निघायच्या दिवशी टॅक्सी उभी असताना भाऊजी एकटेच रस्ता ओलांडून आले. आपल्या पुढच्या दाराच्या चौकटीवर बोटाच्या पेराने दोन ठोके मारले, यंत्राचा कान जरा जवळ नेऊन ऐकलं, खिशातून खडू काढून लिहिलं आणि टॅक्सीत जाऊन बसले. मी ते पुसलं नाही, कारण हातात फडकं नव्हतं.

गेल्या महिन्यात रंगारी आला होता. सगळं घर रंगवून झालं. पुढच्या दाराची चौकट तेवढी मी सोडायला सांगितली. पडवीत पाऊस पोहोचत नाही. ‘फिट’ अजून आहे.